नवशीच्या फोटोसाठी जुळवलेला कॉम्प्युटर

तलासरी नाक्यावरून उधव्याकडे वळलं की डाव्या हाताला, टायरवाल्याच्या शेजारी, जीवन दुमाडाचं फोटोचं दुकान आहे. दुकान कसलं, दहा बाय दहाचा गाळा. बाहेर झेरॉक्सची पाटी, आत एक स्टूल, मागे निळा पडदा आणि कोपऱ्यातल्या टेबलावर एक काळाकुट्ट कॉम्प्युटर. त्याला रंगीत दिवे नाहीत, काचेची बाजू नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर त्याच्यावर ठरत नाही. पण डहाणू-तलासरी या दोन तालुक्यांत फोटोच्या कामासाठी इतक्या बारकाईने जुळवलेला कॉम्प्युटर दुसरा नसेल, हे पैजेवर सांगावं. आणि ज्या एका फोटोसाठी तो जुळवला, तेवढा फोटो त्याच्याकडून झाला नाही, हेही आताच सांगून टाकलेलं बरं.

जीवन शिकला डहाणूत. बारावी झाल्यावर तो गोविंदरावांच्या स्टुडिओत चिकटला आणि नऊ वर्षं तिथेच राहिला. गोविंदराव नरपडचे, चिकूच्या वाडीचे धनी. वाडी गड्यांवर सोडून त्यांनी हौसेने स्टुडिओ काढलेला. माणूस बोलायला गोड, पण कामात एकदम घड्याळ. लग्नाचे फोटो आले की आधी चेहरे साफ करायचे, मग गोरे करायचे, मग मागचा मांडव बदलून बाग टाकायची. क्रम ठरलेला. त्यात बदल केलेला त्यांना खपत नसे.

"गिऱ्हाईक आरसा बघायला येत नाय, जीवन," ते म्हणायचे. "आरसा त्याच्या घरी आहे."

आणि खोटं कशाला बोला, गिऱ्हाइकालाही तेच हवं असायचं. नवरामुलगा बोर्डीचा असो की गंजाडचा, अल्बम ताब्यात देताना मुलाची आत्या खांद्यावरून वाकून विचारणारच, नवरी अजून थोडी उजळ नाही होणार का. जीवनचा हात त्या कामात इतका बसला, की पुढे पुढे तो चेहरा बघेनासाच झाला. तीळ दिसला, पुसला. देवीचा वण दिसला, पुसला. डोळ्याखालचं काळं दिसलं, पुसलं. गवत काढणाऱ्याचा विळा कुठलं रोप कुठलं तण हे कुठे विचारत बसतो, तसं.

दोन हजार पंधराच्या वैशाखात त्याचं स्वतःचं लग्न ठरलं. मुलगी शितल, झरीकडची. पण त्याआधी एक लग्न लागणं भाग होतं, ते म्हणजे त्याच्या आईबापाचं. वारली समाजात माणसं आधी संसार मांडतात, लग्न सवडीने होतं. त्यात कुणी तोंड लपवत नाही की कुणी नावं ठेवत नाही. मात्र पोराचं लग्न निघालं की आधी आईबापाचं लागलंच पाहिजे. रघ्या आणि नवशी पस्तीस वर्षं एका घरात नांदले, चार पोरं झाली, एक गेलं, आणि त्यांची सवड शेवटी या वैशाखात आली. पोराच्या मांडवात, पोराच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, धवलेरी बाईने गाणी म्हणून त्यांचं लग्न लावलं. नवशी दिवसभर हसत होती. पदर तोंडावर धरून हसायची, मग पदर काढून हसायची.

दुपारी बाशिंग उतरवून ती जांभळीखालच्या बाजेवर टेकली. जीवनच्या अंगाला हळद लागलेली, तरी गळ्यात कॅमेरा होताच. त्याने तिला हाक मारली, तिने वर बघितलं, आणि त्याने एकच फोटो काढला. तो सोडून उरलेल्या सगळ्या फोटोंत तिच्या कपाळावर बाशिंग होतं किंवा डोक्यावरून पदर होता. या एका फोटोत कपाळ मोकळं होतं. कपाळावरचं गोंदण, गालावरचं गोंदण, हनुवटीवरचं गोंदण, सगळं उन्हात स्पष्ट होतं. पोरगी असताना विवळवेढ्याच्या जत्रेत गोंदणारणीकडून करून घेतलेलं.

आठ दिवसांनी डहाणूला जाऊन त्याने आपल्याच लग्नाचा अल्बम करायला घेतला. नवरा तोच, एडिटर तोच, यावरून स्टुडिओत दिवसभर थट्टा चालली होती. आईचा फोटो समोर आला तेव्हा तो कुणाच्या तरी विनोदावर हसत होता. हसता हसता त्याने चेहरा साफ केला, गोरा केला आणि सेव्ह केला. त्याच फाइलवर, वेगळी प्रत न ठेवता. कारण स्टुडिओची हार्ड डिस्क कायम गळ्यापर्यंत भरलेली असायची आणि दोन प्रती ठेवायच्या नाहीत हाही गोविंदरावांचा नियम होता. कॅमेऱ्याचं कार्ड तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या लग्नासाठी कधीच कोरं करून झालं होतं. पाऊण मिनिटाचं काम ते. ना मनात काही आलं, ना हात अडखळला.

अल्बम घरी आला तेव्हा पाड्यावरची माणसं दारात जमली. नवशीने आपला फोटो मांडीवर घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

"मी तर शेठाणी दिसते," ती म्हणाली. मग बोट कपाळावर नेऊन तिने विचारलं, "माझा गोंदण कुठं गेला?"

"फोटूत डाग दिसतात, आये. साफ केला."

"असा काय," म्हणून ती हसली आणि पान उलटलं. तेवढंच. ती रागावली असती तर आज जीवनला जरा सोपं गेलं असतं. ती रागावली नाही. मरताना अंगावरचं सगळं काढून घेतात, गोंदण तेवढं संगती येतं, असं तीच पोरांना सांगायची. तिने ते त्या दिवशी बोलून दाखवलं नाही. जीवनला ते आठवलं दोन वर्षांनी, भाद्रपदात, तिला उचलताना.

दोन हजार सतराचा तो भाद्रपद. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत नवशी गेली. दिवसकार्य झाल्यावर जीवनने अल्बमच्या सीडीतून तो फोटो मोठा करून आणला आणि फ्रेम करून घरात समोरच्या कुडावर लावला. हल्ली पाड्यापाड्यावर ही रीत झाली आहे, आणि ती रुजवण्यात जीवनच्याच धंद्याचा हात आहे. हार घातला, उदबत्ती लावली. रघ्या कोनाड्याजवळ बसून बघत होता. तीन दिवस तो त्या कुडाकडे पाठ करून जेवला. चौथ्या दिवशी म्हणाला, "ही बाय उतरव. नवशीचा लाव."

"ही आईच हाय, बा."

"नवशीचा लाव," रघ्या पुन्हा म्हणाला आणि हात धुवायला उठला.

म्हाताऱ्याची दृष्टी साफ होती. अर्ध्या कोसावरून कुणाचं ढोर कुणाच्या शेतात शिरलं ते तो ओळखायचा. जीवनने फ्रेम उतरवली आणि त्या दिवसापासून त्याच्या जिवाला दुसरा उद्योग राहिला नाही.

आधी त्याने स्टुडिओत शोधलं. तिथे काही उरलं नव्हतं आणि उरणार नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? आधार कार्डावरचा फोटो नखाएवढा आणि चुना फासल्यासारखा पांढरा. मतदान कार्डावर नुसती सावली. लग्नाला आलेल्यांचे मोबाइल त्याने पाड्यावर फिरून फिरून तपासले. कुणाच्यात ती पाठमोरी होती, कुणाच्यात बाशिंगाआड. मग त्याने त्याच साफ केलेल्या फोटोवर आईचा रंग परत चढवायचा घाट घातला. रोज जेवणाच्या सुट्टीत बसायचा. पण स्टुडिओचा मॉनिटर जुना, मान जरा वाकडी केली की रंग बदलायचा. समोरून बघावं तर आई तांबडी, बाजूने बघावं तर हिरवट. फाइल जड झाली की मशीन दम खायचं आणि केलेलं सगळं गिळून बंद पडायचं.

"मशीनच भंगार आहे," तो शितलला म्हणाला. "चांगल्या मशीनवर होईल."

माणूस स्वतःला फसवायला बसला की किती हुशारीने फसवतो. पुसलेलं ते पुसलेलं, हे जीवनला कळत नव्हतं असं कुणी समजू नये. पण दोष मशीनवर टाकला की काहीतरी करण्यासारखं उरतं, हातावर ठेवला की उरत नाही. त्याने गोविंदरावांचा निरोप घेतला, तलासरीत गाळा घेतला आणि आपला कॉम्प्युटर स्वतः सुटे भाग निवडून जुळवायचा असं ठरवलं. वर्षाच्या आत, आईचा दिवस परत येण्याआधी, फोटो कुडावर लागला पाहिजे.

डहाणू स्टेशनजवळ ऋषभचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पोरगा तिशीच्या आतला, वाडीवाल्यांच्या घरातला, जिभेवर साखर आणि निम्मं बोलणं गुजरातीच्या वळणाचं. त्याने जीवनपुढे आधी मांडलं ते काचेचं कॅबिनेट. आत लाल-निळे दिवे पळत होते.

"हे बघ, जीवनभाई. गिऱ्हाईक दुकानात शिरलं ना, की याच्याकडेच बघत राहील."

"आणि त्या उजेडात मी रंग कसा बघू?" जीवनने विचारलं.

ऋषभने कॅबिनेट मागे ठेवलं. मग ग्राफिक कार्ड आलं, दोन पंख्यांचं, विटेएवढं. जीवनने विचारलं की फोटोच्या कामात याचा नक्की काय उपयोग. ऋषभने गेमची नावं सांगितली. जीवन म्हणाला की गेम खेळायचे नाहीत. ते कार्ड वगळून वाचलेलं सगळं त्याने मॉनिटरवर घालायचं ठरवलं, आणि तिथे मात्र तो असा अडून बसला की ऋषभला घाम फुटला. उन्हाळाभर दर आठवड्याला तो तलासरीहून एसटीने यायचा. पेनड्राइव्हवर स्वतःच्या हाताचा फोटो घेऊन यायचा. दुपारच्या उन्हात काढलेला, कसलाही हात न फिरवलेला. दुकानातल्या प्रत्येक मॉनिटरवर तो फोटो लावायचा आणि आपला खरा हात बाही वर करून शेजारी धरायचा. आईचा रंग भावंडांत त्यानेच घेतला होता, म्हणून त्याला मापाला दुसरं काही लागत नव्हतं. एकावर हात पिवळा दिसला. एकावर राखेसारखा. शेवटी वापीहून मागवलेल्या आयपीएस पॅनलच्या मॉनिटरवर तो हात आणि हा हात एक झाले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, बसून, उभं राहून. रंग हलला नाही.

"हाच," तो म्हणाला.

बाकीचे भागही त्याने असेच घेतले. प्रोसेसर मधला, कारण वरच्याचा वेग व्हिडिओवाल्यांना लागतो. रॅम मात्र सोळा जीबी, कारण फोटोवर दुरुस्तीचे थरांवर थर चढले की फाइल फुगते आणि पुन्हा कुणी काम गिळलेलं त्याला नको होतं. विंडोज आणि फोटोशॉप झटपट उघडावेत म्हणून वेगवान एसएसडी. आतल्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट येत होता तो नाकारून वेगळा घेतला, कारण तलासरीची लाइट कधी डोळा मारेल सांगता येत नाही. त्यावर यूपीएस. आणि हार्ड डिस्क दोन.

"दोन कशाला? एकच मोठी घे," ऋषभ म्हणाला.

"एक कामाची. दुसरीवर नुसते मूळ फोटो. तिला हात नाय लावायचा."

ऋषभला हे शहाणपणाचं वाटलं आणि त्याने तसं म्हटलंही. दुसऱ्या डिस्कची कल्पना जीवनला तीन वर्षं उशिरा सुचली होती.

सगळे भाग त्याने गाळ्यात आणून स्वतः जोडले. शितल शेजारी बसून स्क्रू हातात देत होती. मशीन पहिल्या झटक्यात चालू झालं, तेव्हा तिला वाटलं की आता हा माणूस पुन्हा नीट जेवेल.

त्याने आईचा फोटो उघडला. आणि त्या चांगल्या मॉनिटरने आपलं काम चोख केलं. स्टुडिओच्या पडद्यावर जे कधी दिसलं नव्हतं ते इथे लख्ख दिसलं. कपाळाच्या मधोमध त्वचेचा एक गुळगुळीत पट्टा होता, आजूबाजूच्या त्वचेशी न जुळणारा. गालावर तसाच एक. हनुवटीवर तसाच. कुठे त्याचा ब्रश वळला, कुठे त्याने घाई केली, हे बोट ठेवून दाखवता आलं असतं. त्या पट्ट्यांखाली काही नव्हतं. रंग गडद करायला गेला, तर गोरा चेहरा नुसता मळकट झाला. सारवलेल्या भिंतीवर कुणी ओला हात फिरवावा तसा. जीवन उठून बाहेर टायरवाल्याकडे गेला आणि उगाच बसून राहिला.

तरीही त्याने सोडलं नाही. गोंदण हाताने काढायचं ठरवलं. कपाळावर रेघ एक होती, हे नक्की. ठिपके किती? त्याला पाच वाटत होते. त्याची बहीण संगिता म्हणाली, सात. रघ्याला विचारलं तर तो चिडला. "मोजायला ती काय शेरडा होती?" दहा वर्षं तिच्या कुशीत झोपलेला, नऊ वर्षं लोकांच्या चेहऱ्यांवर डोळे लावून बसलेला हा पोरगा, आणि आईच्या कपाळावर काय होतं ते त्याला सांगता येईना. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

मग संगितालाच आठवलं. ठकी मावशी. नवशीची पाठची बहीण, दापचरीच्या बाजूला दिलेली. दोघींना त्यांच्या आईने एकाच जत्रेत, एकाच गोंदणारणीपुढे बसवलं होतं. एकच नक्षी, एकच हात.

जीवन कॅमेरा घेऊन गेला. ठकी अंगणात नाचणी पाखडत होती. तिला कारण सांगितलं तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं, तोंड धुतलं, पदर मागे सारला आणि उन्हात येऊन बसली.

"पयली ती बसली," ती म्हणाली. "मी रडत होती, म्हणून तिनं माझा हात धरला. तवर तिचाच कपाळ सुजला होता."

जीवनने कपाळाचे, गालाचे, हनुवटीचे तीस-चाळीस फोटो काढले. ठिपके ना पाच होते ना सात. सहा होते.

पुढचे तीन आठवडे त्याने जे काम केलं, त्याची बरोबरी डहाणूतल्या कुठल्याच स्टुडिओला येणार नाही. ठकीच्या कपाळावरची त्वचा त्याने गोंदणासकट उचलली आणि नवशीच्या कपाळावर बसवली. उन्हाचा कोन जुळवला. ठकीच्या वयाच्या सुरकुत्या काढल्या, पण या वेळी प्रत्येक सुरकुती काढण्याआधी थांबून विचार केला. गालाचा रंग ठकीच्या गालावरून घेतला, कारण आपल्या हातापेक्षा तो खरा. मशीन एकदाही दमलं नाही. शेवटी शितलला बोलावलं. शितल पडद्याकडे बघून रडायला लागली, आणि जीवनला वाटलं, जमलं.

वापीच्या लॅबमधून प्रिंट आला तोही रंगात कणभर न चुकता. फ्रेम घेऊन तो पाड्यावर गेला, तेव्हा आईच्या वर्षाच्या दिवसाला चार दिवस बाकी होते. रघ्या ओट्यावर दोर वळत बसला होता. त्याने दोर खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि फ्रेम दोन्ही हातांनी घेतली. उजेडाकडे तोंड करून उभा राहिला. जीवन त्याच्या तोंडाकडे बघत होता. म्हातारा वर्षभरात पहिल्यांदा हसला.

"ठकी," तो म्हणाला. "ठकीच ही. कपाळ बघ ना तिचा. बरा काढलास."

जीवन फ्रेम परत घ्यायला पुढे झाला.

"तिला नेऊन दे. तिच्या घरात तिचा फोटू नाय." रघ्याने फ्रेमवरची धूळ तळहाताने पुसली, धूळ नव्हती तरी पुसली, आणि ती जपून जीवनच्या हातात दिली. मग खाली बसून दोर पुन्हा हाती घेतला.

"नवशीचा कधी लावशील?" त्याने विचारलं.

"लावतो, बा," जीवन म्हणाला.